युरोपची ग्रुप टूर, मे २०२६ : नऊ देश की तीन देश? (दोघांसाठी, सोलापूरहून)

जोडभावी_पेठ | १४ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं (वय ५९ आणि ५५) युरोपला ग्रुप टूरने जायचं म्हणतोय. दोन कंपन्यांची पत्रकं समोर आहेत. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न टूर कशी पारखायची हा आहे.

टूर अ : १० मेला मुंबईहून निघते. १० रात्री, ९ देश. मुक्काम असे : पॅरिस २, ॲमस्टरडॅमजवळ १, कोलोनजवळ १, स्वित्झर्लंड २, इन्सब्रुक १, मेस्त्रे (व्हेनिस) १, फ्लॉरेन्सजवळ १, रोम १. माणशी २,८९,०००, जीएसटी वेगळा. विमा धरलेला, व्हिसा आणि टिप वेगळी. दुपारचं जेवण नाही.

टूर ब : १७ मेला निघते. ९ रात्री, ३ देश. पॅरिस ३, इंटरलाकेन परिसर ३, मेस्त्रे १, रोम २. माणशी ३,२४,०००, जीएसटी वेगळा. व्हिसा, विमा, टिप धरलेली. दुपारची दोन जेवणं सोडून बाकी सगळी जेवणं आहेत.

दोघंही पूर्ण शाकाहारी. सौ.ंना गुडघ्याचा त्रास आहे, पण जिना सावकाश चढतात. मला बीपीची गोळी चालू आहे. ओळखीतले सगळे म्हणतात अ घ्या, ३५ हजारांनी स्वस्त आणि सहा देश जास्त. जाणकारांनी सांगावं.

---

सातरस्ता | १४ नोव्हेंबर, रात्री १०:०२

देशांची संख्या आधी डोक्यातून काढून टाका. अ मधले नऊ देश म्हणजे फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, लिक्टनस्टाईन, ऑस्ट्रिया, इटली आणि व्हॅटिकन, बरोबर? यातलं व्हॅटिकन रोम शहराच्या पोटात आहे. ते ब मध्येही येणारच, फक्त तिथं वेगळा देश म्हणून मोजलेलं नाही. लिक्टनस्टाईन म्हणजे स्वित्झर्लंडहून ऑस्ट्रियाला जाताना वाडुझला तास-दीड तास थांबणं. ब्रसेल्सला चौक, पुतळा, चॉकलेटचं दुकान, आणि गाडी पुढे.

मोजायचं ते हॉटेल. अ मध्ये १० रात्रींत ८ हॉटेलं, ब मध्ये ९ रात्रींत ४. हॉटेल बदलणं म्हणजे नेमकं काय ते लक्षात घ्या. सहा-साडेसहाला उठायचं, सात-सव्वासातला बॅगा बंद करून लॉबीत आणायच्या, नाश्ता, आठला गाडी. युरोपात बॅग उचलायला हमाल मिळत नाही. खोलीपासून बसपर्यंत आपली २०-२३ किलोची बॅग आपणच ओढायची. छोट्या हॉटेलांची लिफ्ट दोन माणसं आणि दोन बॅगांत भरते, त्यात ४५ जणांचा ग्रुप. गुडघे दुखतात ते इथं, दिवसभर फिरून नव्हे.

---

लेखापाल_सोलापूर | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

स्वस्त-महाग आधी एका पातळीवर आणू. युरो १०२ रुपये धरतो.

अ, माणशी : २,८९,००० वर ५ टक्के जीएसटी १४,४५०, म्हणजे ३,०३,४५०. व्हिसा : शेंगेनची (युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाची) फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क धरून साधारण १२,०००. टिप रोजी ५ युरो धरली तर दहा दिवसांचे ५,१००. दुपारची नऊ जेवणं, साधं सँडविच-पिझ्झा आणि पाणी १५ युरोंत धरलं तर १३,७७०. पत्रकात ‘ऑप्शनल’ लिहिलेल्या गोष्टींना किमान १२० युरो, म्हणजे १२,२४०. एकूण ३,४६,५६०.

ब, माणशी : ३,२४,००० वर जीएसटी १६,२००, म्हणजे ३,४०,२००. दोन जेवणं ३,०६०. एकूण ३,४३,२६०.

३५ हजारांचा फरक गेला. उलट अ तीन हजारांनी वर गेली.

आता टीसीएस (पैसे घेतानाच कंपनी वसूल करून सरकारकडे भरते तो कर). परदेशी टूर पॅकेजवर या आर्थिक वर्षात (२०२५-२६) पहिल्या रुपयापासून ५ टक्के कापतात, आणि एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांच्या वर गेलं तर वरच्या रकमेवर २० टक्के. ही मर्यादा एप्रिल २०२५ पर्यंत ७ लाख होती. ब घेतली तर दोघांचे ६,८०,४०० आणि त्यावर टीसीएस ३४,०२०, म्हणजे हातातून ७,१४,४२० जातील. हा टीसीएस म्हणजे खर्च नाही. तो तुमच्या २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या करनोंदीत) दिसतो आणि रिटर्न भरताना करातून वळता होतो किंवा परत येतो. पण तोवर पैसे अडकतात, म्हणून हातात तेवढी सोय पाहिजे.

दोन गोष्टी नीट करा. दोघांची रिटर्न वेगळी असतील तर बुकिंग दोन पॅनवर निम्मंनिम्मं करून घ्या आणि पैसेही ज्याच्या त्याच्या खात्यातून द्या. दुसरं म्हणजे हप्त्याची तारीख. ३१ मार्चच्या आत भरलेल्या रकमेचा टीसीएस या वर्षाच्या रिटर्नला लागतो, एप्रिलमध्ये भरलेल्याचा पुढच्या वर्षाच्या, म्हणजे तो परत यायला वर्षभर जास्त. शक्य असेल तर मोठा हप्ता मार्चअखेर द्या, पण व्हिसा हातात यायच्या आधी सगळी रक्कम देऊन टाकू नका.

फॉरेक्स कार्डवर स्वतःच्या खर्चाचे युरो घेताना १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. तिथं कुणी मागत असेल तर विचारा.

---

जोडभावी_पेठ | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

लेखापालसाहेब, फार उपकार झाले. अ च्या पत्रकात खाली बारीक अक्षरात ‘रुपये अधिक युरो’ असंही लिहिलंय. त्याचा अर्थ?

---

लेखापाल_सोलापूर | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

किमतीचा एक भाग रुपयात ठरलेला आणि दुसरा युरोत ठेवलेला असतो. युरोचा भाग शेवटचा हप्ता भरता त्या दिवसाच्या दराने. २,८९,००० ही बेरीज पत्रक छापलं त्या दिवसाच्या दराची आहे. माणशी २,००० युरो तसे असतील आणि दर तीन रुपयांनी वाढला तर माणशी ६,००० वाढले, दोघांचे १२,०००. दर कुठला धरणार (बँकेचा की कंपनीचा) ते लिहून घ्या. ब ची किंमत पूर्ण रुपयात ‘फिक्स’ असेल तर तीही जमेची बाजू.

---

आसरा_चौक | १५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

पैशाचं झालं, आता रस्त्याचं बघू. सातरस्ता म्हणतात तसं हॉटेलं मोजाच, पण ब लाही डोळे झाकून शंभर गुण देऊ नका. अंतरं काढली आहेत.

अ : पॅरिस–ब्रसेल्स ३१०, ब्रसेल्स–ॲमस्टरडॅम २१०, ॲमस्टरडॅम–कोलोन २६५, कोलोन–ल्युसर्न सुमारे ५९०, ल्युसर्न–इन्सब्रुक ३००, इन्सब्रुक–मेस्त्रे ३८५, मेस्त्रे–फ्लॉरेन्स २६०, फ्लॉरेन्स–रोम २७५. एकूण २,६०० किलोमीटरच्या आसपास. पण कोलोन–ल्युसर्न आणि ब्रसेल्समार्गे पॅरिस–ॲमस्टरडॅम (एकाच दिवसात ५२०) सोडलं तर एकही दिवस अंगावर येणारा नाही.

ब : पॅरिस–इंटरलाकेन ६०० च्या वर, इंटरलाकेन–मेस्त्रे साडेपाचशे ते सहाशे, मेस्त्रे–रोम ५३०. एकूण कमी, पण तिन्ही दिवस दांडगे.

आता हे ६०० किलोमीटर आपल्या हायवेच्या हिशोबाने धरू नका. तिथल्या बसला ताशी १०० च्या वर जाता येत नाही, सरासरी ७०-७५ पडते. ड्रायव्हरचे तास कायद्याने बांधलेले आहेत. सलग साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला ९ तास चालवणं (आठवड्यातून दोनदाच १० चालतात), आणि रोज ११ तास विश्रांती, जी आठवड्यातून मोजक्या वेळा ९ वर आणता येते. हे सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं, आणि पोलीस ते तपासतात. म्हणून तिथला ड्रायव्हर ‘चला की हो, अर्धा तासच’ म्हणून ऐकत नाही. ६०० किलोमीटर म्हणजे त्याचे साडेआठ तास स्टिअरिंगवर. सकाळी ग्रुप पाऊण तास उशिरा निघाला तर वाटेतलं एखादं ठिकाण कापलंच जातं. वेळापत्रकात दुसरीकडे कुठं जागाच नसते.

ब च्या कंपनीला दोन प्रश्न विचारा. पॅरिसहून स्वित्झर्लंडला बसने नेता की टीजीव्हीने (फ्रान्सच्या वेगवान रेल्वेने)? पॅरिस–बाझल टीजीव्ही तीन तासांत जाते. रेल्वे असेल तर तो दिवस वाचला. आणि मेस्त्रे–रोम बसने की रेल्वेने? वेगवान रेल्वे चार तासांच्या आत-बाहेर पोचवते, बसला विश्रांतीसह आठ तास.

---

कंबर_तलाव | १५ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

तारखांवर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. पत्रकातली चित्रं आणि तुमची तारीख जुळते का ते आधी बघायचं.

अ च्या पत्रकावर ट्युलिपची बाग आहे का? तुम्ही १० मेच्या रात्री निघणार, पॅरिसला ११ आणि १२, म्हणजे ॲमस्टरडॅमला १३ मे. कोकेनहोफची बाग २०२६ मध्ये १९ मार्च ते १० मे एवढीच उघडी आहे. तुम्ही पोचाल तेव्हा ती बंद. पत्रकात कुठंतरी ‘हंगामानुसार’ लिहिलेलं असेल आणि बदल्यात पवनचक्क्या किंवा कालव्यातली बोट देतील. तेही छान असतं. पण ट्युलिपसाठी अ घेत असाल तर ते होणार नाही.

ब ची तारीखवार मांडणी अशी होते : १८, १९, २० पॅरिस. २१ ला स्वित्झर्लंड. २४ मे, रविवारी इटलीकडे. २०२६ मध्ये २४ मेला पेंटेकॉस्ट (ख्रिस्ती सण) आहे आणि २५ चा सोमवार कित्येक देशांत सुट्टीचा. अर्धी स्वित्झर्लंड-जर्मनी त्या आठवड्याअखेर इटलीकडे सुटते. वाटेत गोटहार्डचा १७ किलोमीटरचा बोगदा आहे, जाण्या-येण्याला एकेकच लेन. त्याच्या तोंडाशी सुट्टीच्या दिवसांत कित्येक किलोमीटर रांग लागते. साडेपाचशे-सहाशे किलोमीटरचा दिवस आणि त्यात ही रांग. आसराचौक यांनी दिलेल्या तासांत हे बसवून बघा.

रोमचं मात्र ठीक आहे. तुम्ही २५ च्या रात्री पोचणार, २६ चा मंगळवार मिळणार. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून), त्यामुळे मंगळवार चांगला. पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद, म्हणजे १९ ला नाही. ब मध्ये ते असेल तर १८ किंवा २० ला ठेवलंय का बघा.

---

जोडभावी_पेठ | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

ताई, हे कंपनीच्या माणसानंही सांगितलं नव्हतं. ब चं पुढचं डिपार्चर २४ मेचं आहे, तेच भाव. ते घेतलं तर?

---

कंबर_तलाव | १५ नोव्हेंबर, रात्री ८:१५

तर स्वित्झर्लंड–इटलीचा दिवस ३१ मे येतो, पेंटेकॉस्ट मागे पडतो. २५ ला पॅरिसला उतराल तेव्हा सुट्टी असेल, पण त्या दिवशी बहुतेक आयफेल आणि सेनची बोटच असते, दोन्ही चालू असतात. २४ चं घ्याच.

---

सातरस्ता | १५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

पत्रकातल्या शब्दांचे अर्थ एकदा सांगून ठेवतो, कारण निम्म्या तक्रारी तिथून येतात.

‘भेट’ किंवा ‘प्रवेशासह’ लिहिलं असेल तरच तिकीट धरलेलं. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे बस थांबणार, उतरायचं, १०-१५ मिनिटं. ‘पॅनोरॅमिक’, ‘ओरिएंटेशन’, ‘ड्राइव्ह पास्ट’ म्हणजे खिडकीतून. रोमचं कोलोसियम बऱ्याच टूरमध्ये बाहेरूनच असतं. पिसाचा मनोरा बाहेरून. आयफेलवर ‘दुसरा मजला’ म्हणजे ११६ मीटर, ‘समिट’ म्हणजे २७६ मीटर, आणि दोन्हीची तिकिटं वेगळी. माझ्या मते दुसऱ्या मजल्यावरून शहर जास्त चांगलं ओळखू येतं, त्यासाठी वरचे पैसे टाकायची गरज नाही.

एक गोष्ट जवळून बघण्यासारखी : ‘पॅरिस बाय नाइट’. मेअखेर तिथं सूर्य साडेनऊ-पावणेदहाला मावळतो. आयफेलचे दिवे चमचमतात ते अंधार पडल्यावर, दर तासाला पाच मिनिटं. म्हणजे बघायचं तर रात्री अकरा धराच. सकाळी आठला निघालेल्या ड्रायव्हरचा दिवस तोवर कधीच संपलेला. म्हणून एकतर वेगळी गाडी लागते आणि ते ऑप्शनल होऊन पैसे पडतात, नाहीतर आठ वाजता उजेडातच चक्कर मारून ‘सिटी ऑफ लाइट्स’ झालं म्हणतात. पत्रकात असेल तर किती वाजता, हे विचारा. पॅरिसचे तीन मुक्काम असले तर एका रात्री उशीर करून दुसऱ्या सकाळी उशिरा निघता येतं. दोन मुक्कामांत ते बसत नाही.

आणि हॉटेल ‘पॅरिस’ लिहिलं तरी ग्रुपची हॉटेलं विमानतळाकडे किंवा उपनगरात असतात. फ्लॉरेन्सचं माँतेकातीनीला, व्हेनिसचं मेस्त्रेला. ते चालतं, फक्त हॉटेलजवळ रेल्वे किंवा मेट्रो स्टेशन चालत किती मिनिटांवर ते विचारा. मोकळी संध्याकाळ मिळाली तर त्याच्यावर सगळं अवलंबून.

---

होटगीरोड_सोलापूर | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

काका, काकूंच्या गुडघ्यांसाठी लिहिते. सगळ्यात जास्त चालणं इटलीत. रोम आणि फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात मोठ्या बसना शिरू देत नाहीत. बस बाहेर सोडते, पुढे दगडी फरशीवरून पायी. व्हेनिसला बोटीतून उतरल्यावर पूल येतात आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. दिवसाला सहा-सात किलोमीटर सहज होतात. आतापासून रोज संध्याकाळी कंबर तलावाला फेऱ्या सुरू करा, आणि जे बूट तिकडे घालायचे तेच घालून. नवे बूट विमानतळावर पहिल्यांदा घालू नका.

बर्फाचं : अ मध्ये टिटलिस असणार (३,०२० मीटर), ब मध्ये युंगफ्राउयोख (३,४५४ मीटर). काकांना बीपी आहे, तर निघण्याआधी डॉक्टरांना या उंचीचा आकडा सांगून विचारा. ‘डोंगरावर जाणार’ एवढंच सांगून भागत नाही. वर पोचल्यावर पहिला अर्धा तास सावकाश, पायऱ्या भरभर नाही, पाणी पीत राहायचं. युंगफ्राउला आता ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्सप्रेस केबल कार १५ मिनिटांत वर नेते आणि पुढे बोगद्यातली रेल्वे. चढणं असं फारसं नाही. पूर्ण दिवस जातो, टिटलिसला अर्धा पुरतो.

---

बाळीवेस | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:००

जेवणाचं. ‘इंडियन डिनर’ म्हणजे भारतीय रेस्टॉरंटात ठरलेल्या वेळी, बहुतेक संध्याकाळी साडेसहा-सातला. बस हॉटेलवर जायच्या आधी जेवण उरकायचं असतं. रात्री नऊ-दहाला पुन्हा भूक लागते. नाश्ता ब्रेड, चीज, दही, फळं, सिरियल असा. शाकाहारी असाल तर फॉर्मवर लिहाच, आणि कांदा-लसूण चालत नसेल तर ‘जैन’ असं वेगळं लिहून द्या. केवळ ‘व्हेज’ लिहिलं तर कांदा-लसूण येणारच.

बरोबर काय न्यावं : शेंगा चटणी, कडक भाकरी, भाजलेले पोहे, राजगिऱ्याच्या वड्या. हे चालतं. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणून पेढे, तूप, खव्याचं काहीही नको. चटणी हातातल्या बॅगेत नको, चेक-इनमध्ये, दोन पिशव्यांत बांधून. दोघांच्या बॅगांत वाटून ठेवा.

खोलीत किटली असेलच असं तिथं धरू नका. छोटी न्या. बारीक दोन पिनांचा प्लग स्वित्झर्लंड-इटलीतही बसतो, आपला जाड तीन पिनांचा बसत नाही. खोलीत इंडक्शन, कुकर वगैरे लावायचं नाही. धुराचा अलार्म वाजला तर दंड ग्राहकाकडून घेतात.

---

आसरा_चौक | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

सोलापूरकरांना एक मोह होतो तो हैदराबादहून जायचा. तीनशे किलोमीटर, रस्ता चांगला, मुंबईपेक्षा शंभर किलोमीटर कमी. कंपनी ‘जॉइनिंग-लीव्हिंग’ देते, म्हणजे विमान तुमचं तुम्ही बघा आणि पॅरिसला भेटा. पहिल्यांदा जाताय तर नको म्हणेन. टूर मॅनेजर मुंबईच्या ग्रुपबरोबर असतो. तुमचं विमान आखाती शहरात उशिरा झालं तर ग्रुप पॅरिसमध्ये थांबत नाही, पुढचा खर्च तुमचा. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी पद्धत सुरू झाली आहे, बोटांचे ठसे आणि फोटो तिथंच घेतात. टप्प्याटप्प्याने सुरू आहे, १० एप्रिल २०२६ पर्यंत सगळीकडे लागू होईल, म्हणजे तुम्हाला लागणारच. रांगेत वेळ जातो. त्या वेळी ग्रुपबरोबर असलेलं बरं.

---

जोडभावी_पेठ | १६ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

हैदराबादचा विचार होता, सोडला. व्हिसासाठी काय तयारी? पासपोर्ट दोघांचे आहेत, माझा जानेवारी २०२७ पर्यंत, सौ.ंचा २०३१ पर्यंत. आमचा टॉवेलचा कारखाना आहे, पगाराची स्लिप वगैरे नाही.

---

कंबर_तलाव | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१०

शेंगेनला परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट लागतो. तुमचा जूनमध्ये परत येताना सात महिने शिल्लक असेल, नियमात बसतो. तरी मी नवा करून घ्या म्हणेन. पुढे कुठंही जायचं तर सहा महिन्यांची अट आडवी येते, आणि व्हिसा मुदतीपुरताच मिळतो. सोलापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात होतं. पण आत्ताच करा, व्हिसाचा अर्ज टाकल्यावर नको.

अर्ज कुठल्या देशाकडे? जिथं सर्वांत जास्त मुक्काम तिथं. समान असले तर जिथं आधी प्रवेश तिथं. ब मध्ये फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली तिन्ही तीन-तीन रात्री, पहिला प्रवेश पॅरिस, म्हणून फ्रान्स. अ मध्ये इटलीच्या तीन रात्री सर्वांत जास्त, म्हणून इटली. कंपनी वेगळ्याच देशाचा व्हिसा काढू म्हणाली तर का ते विचारा. नाकारला तर शिक्का तुमच्या नावावर बसतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण तेवढं ताणू नका. मेच्या गर्दीत अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. फेब्रुवारीअखेर ते मार्च धरा. फ्रान्सचा अर्ज पुण्याच्या केंद्रात देता येतो, दोघांनाही ठशांसाठी स्वतः जावं लागेल. ठसे ५९ महिने चालतात. अपॉइंटमेंट दुपारी बाराच्या पुढची घ्या, म्हणजे सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी परत.

कारखान्याचे कागद : जीएसटी आणि उद्यम नोंदणी, तीन वर्षांची रिटर्न दोघांची, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्यासह, व्यवसायाच्या खात्याचंही. विवाह नोंदणीचा दाखला. सौ.ंच्या पासपोर्टवर, पॅनवर आणि बँकेत नाव एकच आहे ना, की कुठं माहेरचं आडनाव राहिलंय, ते आज रात्रीच बघा. अर्ज करायच्या आधी खात्यात एकदम मोठी रक्कम टाकायची चूक बरेच जण करतात. ती कुठून आली ते विचारतात आणि तिथंच अडतं. कारखान्याची उलाढाल स्टेटमेंटमध्ये नेहमीसारखी दिसू द्या.

---

लेखापाल_सोलापूर | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

विम्याबद्दल. शेंगेनला किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, तेवढं कंपनी देतेच. पण बीपी फॉर्मवर लिहा. आधीपासूनचा आजार लपवला तर दावा फेटाळतात, आणि लिहिला तरी साध्या पॉलिसीत त्याचं संरक्षण जिवावर बेतलं तरच मिळतं. जादा प्रीमियम देऊन ते वाढवून मिळतं का विचारा. वय ६० च्या आत आहे तोवर प्रीमियम कमी लागतो. साठीनंतर पुढचा टप्पा.

बुकिंग फॉर्म भरताना पैसे थेट कंपनीच्या खात्यात, एजंटच्या वैयक्तिक खात्यात नको, आणि पावती कंपनीच्या नावाची. रद्द करण्याचा तक्ता दिवसांत मागा : ६० दिवस आधी किती, ३० दिवस आधी किती, १५ दिवस आधी किती. व्हिसा नाकारला तर तो ‘प्रवाशाने रद्द केलं’ धरतात की वेगळा नियम आहे, हे त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य. आणि ग्रुप भरला नाही म्हणून कंपनीनेच टूर रद्द केली किंवा दुसऱ्या तारखेच्या ग्रुपमध्ये मिसळली तर पूर्ण परतावा मिळतो का?

फॉर्मवर ‘न्यायक्षेत्र मुंबई’ छापलेलं असलं तरी घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे सोलापुरात, तक्रार दाखल करता येते. ५० लाखांपर्यंतचे व्यवहार जिल्हा आयोगात बसतात. त्यासाठी पत्रक, ईमेल आणि व्हॉट्सॲपवरची उत्तरं जपून ठेवा. तोंडी आश्वासनाला तिथं किंमत नाही.

---

जोडभावी_पेठ | १९ नोव्हेंबर, रात्री ८:००

सगळ्यांचे प्रश्न दोन्ही कंपन्यांना ईमेलने पाठवले. उत्तरं आली.

अ : कोकेनहोफच्या जागी कालव्यातली बोट, कोलोसियम बाहेरून, युरोचा भाग माणशी १,९०० आणि दर शेवटच्या हप्त्याच्या दिवशीचा. व्हिसा नाकारला तर रद्द करण्याचाच तक्ता लागू.

ब : पॅरिस–बाझल टीजीव्ही धरलेली आहे. मेस्त्रे–रोम बसने. किंमत पूर्ण रुपयात. व्हिसा नाकारला तर व्हिसा फी आणि माणशी १५,००० कापून बाकी परत. पॅरिसची रात्रीची चक्कर दुसऱ्या दिवशी साडेदहाला, वेगळी गाडी, त्याच किमतीत.

२४ मेची ब घ्यायची असं दोघांचं ठरतंय. मेस्त्रे–रोमचं काही करता येईल का?

---

आसरा_चौक | १९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

चांगली उत्तरं मिळाली. मेस्त्रे–रोमला एकच विचारा : व्हेनिसची बोट किती वाजता? साडेआठला पोचलं तर साडेबारा-एकला निघून रात्री नऊच्या सुमारास रोम, वाटेत जेवण. दहाला पोचलं तर रोमला अकरा वाजतील, आणि ड्रायव्हरच्या तासांमुळे जेवण पॅक करून हातात देतील. त्या दिवशी बसमध्ये लागेल तेवढं खाणं आणि गुडघ्याचं मलम वरच्या छोट्या बॅगेत ठेवा. बस वाटेत दोन-तीनदा थांबेल, प्रत्येक वेळी काकूंनी उतरून पाच मिनिटं चालायचं, बसून राहायचं नाही. स्वच्छतागृहाला सुटं नाणं लागतं, अर्धा ते एक युरो.

बसमध्ये जागा रोज बदलतात. गुडघ्यासाठी पुढची कायमची जागा हवी असेल तर ती आत्ताच ईमेलवर मागून घ्या. गाडीत बसल्यावर टूर मॅनेजर देऊ शकत नाही.

---

सातरस्ता | १९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मुंबईला जायचं तर २३ मेच्या रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा, २४ ला सकाळी मुंबईत, विमानाला दिवसभर हाताशी. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २४ मार्चला सकाळी ८ वाजता बसायचं. मे महिन्यात ती गाडी लगेच भरते. परतीचं मात्र उतरायच्या त्याच रात्रीचं काढू नका, एक दिवस सोडून काढा. विमान चार तास उशिरा आलं तर सुट्टीच्या हंगामात दुसरं आरक्षण मिळत नाही.